माळावर खड्डे नकोत

मे महिना लागला की आमच्या निसर्गगटाला फोन यायला लागतात. कधी एखादी कंपनी असते, कधी गणेश मंडळ, कधी नेत्याच्या वाढदिवसाची तयारी करणारे कार्यकर्ते. मागणी एकच असते: "पाचशे रोपं आहेत, माणसं तुम्ही आणा, माळ मोकळाच पडलाय." आम्ही नाही म्हणतो. निसर्गासाठी काम करणारी माणसं झाडं लावायला नकार देतात हे ऐकून समोरचा आधी गप्प होतो, मग चिडतो. सुपे-मोरगावच्या पट्ट्यात हा गट चालवताना माझी सर्वांत जास्त ताकद या एका नकारात गेली आहे, आणि ती सत्कारणी लागली असं मला मनापासून वाटतं.

आमचा मुलूख पर्जन्यछायेतला. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, वर वीतभर मुरमाड माती, खाली कातळ. अशा जागी निसर्गाने गवत वाढवलं. पवना, मारवेल, कुसळी. श्रावणात ते गुडघ्याला लागतं, दिवाळीनंतर पिवळं पडतं, आणि उन्हाळ्यात रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं की इथे काहीच नाही. सरकारी नकाशांतही अशा जमिनीवर बहुतेक वेळा 'पडीक' असाच शिक्का असतो. याच पडीक जमिनीवर चिंकारा चरतो, लांडगा आणि खोकड पिल्लं वाढवतात, धाविक आणि चंडोल अंडी घालतात. थंडीत मध्य आशियातून भोवत्या पक्षी येतात आणि रात्री गवतातच जमिनीवर झोपतात. चिंकाऱ्यांसाठी सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, पण ते जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. बाकीचे सगळे जीव गायरानात, वनखात्याच्या तुकड्यांत आणि लोकांच्या बांधांवर राहतात. त्यांना वाचवायचं तर गावाशीच बोलावं लागतं. गट काढला तो त्यासाठी.

सोलापूरकडे काय झालं ते आमच्यासमोर होतं. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं. माळढोकाला दूरवर नजर जाईल असं मोकळं गवत लागतं. त्या मुलखातल्या गवताळ तुकड्यांवरही एकेकाळी वृक्षलागवड झाली. माळढोक तिथून जवळजवळ संपला. त्याची कारणं अनेक आहेत, शेती, रस्ते, विजेच्या तारा, शिकार. पण माळाला माळ म्हणून किंमत न देणं हे त्या सगळ्यांच्या मुळाशी आहे.

राज्याच्या मोठ्या वृक्षलागवड मोहिमेचं २०१९ चं उद्दिष्ट ३३ कोटी रोपांचं होतं. त्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या गावाच्या गायरानावरही चुन्याने खड्डे आखले गेले. उतारावर समतल चर खणायला जेसीबी येणार होता. रोपं गिरिपुष्पाची आणि सुबाभळीची. हेतू चांगला होता, हे मी आजही सांगते. पण खड्डे खणायचे ते जूनच्या आधी, आणि माळावर जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचा विणीचा काळही नेमका तोच.

ग्रामसभेत भाषण करून उपयोग नव्हता. मी सरपंचबाईंना आणि दोन सदस्यांना सकाळी लवकर माळावर यायची विनंती केली. ऊन चढायच्या आत आम्ही पोचलो. माळटिटवीची जोडी ओरडत समोरून पळायला लागली, डोक्यावर काळी टोपी, चोचीच्या बुडाशी पिवळी लोंबती कातडी. मी सरपंचबाईंना एका जागी उभं केलं आणि म्हटलं, "वहिनी, तुमच्या चपलेपासून दोन हातांवर अंडी आहेत. बघा." त्यांनी बघितलं, वाकून बघितलं, आणि म्हणाल्या, "कुठं हायत? खडेच तर हायत." नेमकं कुठे ते दाखवल्यावर दिसली: मातीच्याच रंगाची, काळपट ठिपक्यांची चार अंडी, टोकं आत वळवलेली, कडेने बारीक खडे. तिथून चार पावलांवर चुन्याचं वर्तुळ होतं. आम्ही मागे सरून बांधाच्या आडोशाला बसलो. थोड्या वेळाने एक टिटवी परत आली. तिच्या पोटाची पिसं ओली होती. ओढ्याच्या डबक्यात पोट भिजवून ती येते आणि तापलेल्या अंड्यांवर ओल धरते. सरपंचबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं, "आन् असे आणखी किती आसतील माळावर?"

सभेत मात्र खरी बाजू लावून धरली ती एका धनगर आबांनी. ते उभे राहिले आणि म्हणाले, "चर खणलं की मेंढरू त्यात पाय मोडून घेतंय. आन् लागवड झाली की वर्सानुवर्सं आत पाऊल टाकू देत न्हाईत. मग कोकरांनी काय खायाचं, आन् आमी कुठं जायाचं?" या प्रश्नावर कुणाकडे उत्तर नव्हतं.

आबा आमच्या बाजूने बोलले ते पक्ष्यांच्या प्रेमापोटी नाही, आणि त्यात मला काही कमी वाटत नाही. आदल्या थंडीत लांडग्यांनी त्यांच्या वाघरीत शिरून मेंढ्या मारल्या होत्या. वनखात्याकडून भरपाई मिळते, पण त्यासाठी ठरलेल्या मुदतीत कळवावं लागतं, पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर जागेवर ठेवावं लागतं, कागदपत्रं, बँकेचं पासबुक, सगळं लागतं. बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणाऱ्या माणसाला हे जमणार कसं? आमच्या गटातली दोन कॉलेजची मुलं रातोरात मोटारसायकलवर गेली, फोटो काढले, वनरक्षकांना फोन लावला, पंचनामा होईपर्यंत थांबली आणि नंतर अर्जाच्या मागे लागली. पैसे आले. तेव्हापासून त्या वाड्यावर लांडग्याला विष घालायची भाषा निघाली नाही. लांडगा वाचवायचा तर मेंढपाळाचा पंचनामा वेळेत व्हायला हवा, हे मी नव्या स्वयंसेवकांना पहिल्याच दिवशी सांगते. दुर्बीण त्यानंतर.

ग्रामसभेने शेवटी मार्ग काढला. चर रद्द झाले. झाडं लावायचीच, पण ओढ्याकाठी, शाळेच्या आवारात आणि रस्त्याच्या कडेला. आणि तीही करंज, जांभूळ, उंबर, कडुनिंब अशी. आम्ही त्या रोपांना दोन उन्हाळे पाणी घालायची जबाबदारी घेतली. हे काम फार जड गेलं. पक्षी बघायला रविवारी पहाटे गाडी भरून माणसं येतात. एप्रिलच्या दुपारी कॅन उचलायला मोजकीच उरतात. पण जी उरली त्यांच्यावरच आज गट उभा आहे. गायरानाचा एक भाग गावाने पावसाळाभर राखायला सुरुवात केली. तिथे मेंढरं नाहीत, गुरं नाहीत. दिवाळीनंतर, बी झडून गेल्यावर गवत कापून लिलाव होतो आणि पैसे ग्रामपंचायतीच्या खात्यात जातात. थंडीच्या शेवटी आम्ही जाळरेषा काढायला गावकऱ्यांबरोबर जातो, कारण वाळलेल्या माळाला वणवा लागला तर सगळंच जातं.

गटात काही नियम मी कडक ठेवले आहेत. लांडग्याच्या बिळाची जागा कुणालाही सांगायची नाही, फोटो टाकताना ठिकाण लिहायचं नाही, घरट्याजवळ थांबायचं नाही. यावरून काही चांगले छायाचित्रकार आम्हाला सोडून गेले. त्यांच्या जागी आता धनगरवाड्यावरची मुलं आहेत. खोकड कोणत्या बांधाला आहे, पखुर्ड्या पाण्याला कधी उतरतात, हे त्यांना मेंढरांमागे चालताना कळतं. नोंदवहीत त्यांच्या अक्षरात ते उतरतं तेव्हा मला त्या वहीचं मोल कुठल्याही पुरस्काराहून जास्त वाटतं.

सध्याची काळजी कुत्र्यांची आहे. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या माळावर टाकल्या जातात, त्यावर मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या पोसतात आणि मग त्या चिंकाऱ्याच्या पाडसांमागे लागतात. त्याच उकिरड्यावर लांडगाही येतो, कुत्र्यांचे रोग घेऊन जातो. पुणे परिसरातल्या माळावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं आहे. त्यावरचा शोधनिबंध २०२३ साली आला. पोल्ट्रीवाले आमच्याच गावांतले आहेत, कर्ज काढून धंदा करणारे. त्यांच्यावर तक्रारी करत सुटण्यापेक्षा आम्ही त्यांच्या शेडवर जाऊन बसतो. दोघांनी खोल खड्डा घेऊन, चुना टाकून मेलेल्या कोंबड्या पुरायला सुरुवात केली आहे. बाकीच्यांना जेसीबीचं भाडं परवडत नाही. ते ग्रामपंचायतीने द्यावं असा ठराव पुढच्या ग्रामसभेत मांडायचा आहे, आणि सरपंचबाईंनी तो विषयपत्रिकेवर घेतलाय.