एक जूनची बचत

7 जून 2025 च्या शनिवारी हिंजवडीच्या रस्त्यांवरून पाणी धो धो वाहत होतं, त्याचे व्हिडिओ महाराष्ट्रभर फिरले. आमच्या बेसमेंटचा व्हिडिओ त्यात नव्हता, कारण तो आम्ही सोसायटीच्या ग्रुपबाहेर जाऊच दिला नाही. फ्लॅटचे भाव पडतील ही भीती. खालच्या पार्किंगमध्ये गुडघ्याएवढं पाणी, दुचाक्या आडव्या पडलेल्या, दोन लिफ्ट बंद. ग्रुपवर कुणी बिल्डरला शिव्या घालत होतं, कुणी रस्त्याच्या खोदाईला. मी गप्प होते. मी या सोसायटीची खजिनदार. त्या पाण्यात माझ्या एका एक्सेल शीटचा वाटा आहे, हे मला त्या दुपारीच कळून चुकलं होतं. कबूल करायला मात्र बराच काळ गेला.

आमचं माण म्हणजे हिंजवडीला लागून असलेलं, मुळशी तालुक्यातलं गाव. राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा याच गावच्या जमिनीवर उभा राहिला. शिवाजीनगरला जाणाऱ्या 23 स्थानकांच्या मेट्रोचं एक टोकही इथेच आहे. टॉवर वीस-पंचवीस मजल्यांचे, कारभार ग्रामपंचायतीचा. शहरात महापालिकेची माणसं जी कामं करतात, त्यातली निम्मीअधिक इथे सोसायटीच्या गेटवर येऊन पडतात. पाण्याचे टँकर, कचऱ्याची गाडी, एसटीपीचा गाळ नेणारी गाडी, जनरेटरचं डिझेल. शिवाय शाळांच्या बस, कामाच्या मावश्या, दिवसभराची पार्सलं. या सगळ्याला सामोरा जाणारा माणूस एकच, गेटवरचा वॉचमन. आम्ही कमिटीवाले त्याला ‘सिक्युरिटी’ म्हणतो आणि त्याचं काम चोर अडवणं आहे असं समजतो. आमच्याकडे मी राहायला आल्यापासून चोर आलेला नाही. टँकर रोज येतो.

मेअखेर सिक्युरिटीच्या कंत्राटाची मुदत संपत होती. एप्रिलमध्ये मी कोटेशनं मागवली, तक्ता केला, सगळ्यात कमी आकडा पिवळा रंगवला. तो आकडा कमी का आहे हे शोधायला फार हुशारी लागत नव्हती. गेटवरच्या एका जागेला ‘पॉइंट’ म्हणतात. एक पॉइंट चोवीस तास, सातही दिवस चालवायचा म्हणजे आठवड्याचे 168 तास. माणसाने आठवड्याला 48 तास काम करावं असं धरलं, तर एका पॉइंटला साडेतीन माणसं लागतात. जुन्या एजन्सीच्या बिलात तीन माणसं आणि रिलिव्हरचा, म्हणजे सुट्टीच्या दिवशी बदली येणाऱ्या माणसाचा, हिस्सा होता. नव्या कोटेशनमध्ये पॉइंटला दोनच माणसं, बारा तासांची ड्युटी, रिलिव्हरचा रकाना कोरा. म्हणजे माणशी आठवड्याला 84 तास, साप्ताहिक सुट्टी नाही. मी दिवसभर कंपनीत आकड्यांचंच काम करते. हा भागाकार मला येत नव्हता अशातला भाग नाही. मी तो केला नाही, कारण उत्तर आवडणार नव्हतं.

वार्षिक सभेत मी सांगितलं की फ्लॅटमागे महिन्याला एका पिझ्झ्याचे पैसे वाचतील. टाळ्या पडल्या. मेंटेनन्स कमी झाल्याचं सांगणारा खजिनदार लोकांना क्वचितच भेटतो, त्यामुळे त्या टाळ्यांची चव मला पुढे बरेच दिवस पुरली.

जुन्या माणसांत नांदेडकडचे एक काका होते. भोईरवाडीत खोली करून राहायचे, रात्रपाळी त्यांचीच. इथे ट्रॅफिकमुळे टँकर बहुतेक रात्री उशिरा किंवा पहाटे येतो, म्हणजे पाण्याचा सगळा व्यवहार काकांच्या हातात. टँकर आत आला की ते आधी शिडीने वर चढायचे, झाकण उघडून टॉर्च मारायचे आणि पाणी काठापर्यंत आहे का ते बघायचे. मग ड्रायव्हरला गाडी कुठे लावायची ते सांगायचे. आमच्या टाकीजवळ थोडा उतार आहे. गाडीचं तोंड उताराकडे आणि मागचा व्हॉल्व्ह वर राहिला, की तळाला पाणी अडून राहतं. ड्रायव्हर पाइप गुंडाळून निघून जातो आणि ते पाणी पुढच्या गिऱ्हाइकाच्या टँकरमध्ये मोजलं जातं. काका तोंड चढाकडे करून घ्यायचे, शेवटची धार बारीक होईपर्यंत उभे राहायचे आणि मगच रजिस्टरमध्ये सही. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या कंत्राटात याचा शब्दही नव्हता. मी मात्र टँकरचं बिल दर महिन्याला मंजूर करत होते आणि ते आटोक्यात आहे याचं श्रेय मनातल्या मनात स्वतःला देत होते.

31 मेच्या रात्री जुनी एजन्सी गेली, एक जूनच्या सकाळी नवी आली. चार्ज म्हणजे काय, तर किल्ल्यांचा जुडगा, तीन रजिस्टरं, वॉकीटॉकी आणि माझी सही. जाण्याआधी काका म्हणाले होते, “मॅडम, नव्या पोरांना एकदा खाली घेऊन फिरतो. पंप दाखवतो.” मी ऑफिसला निघाले होते. म्हटलं, “काका, तुम्ही सुपरवायझरला सांगा, ते लिहून ठेवतील.” सुपरवायझरही जुन्या एजन्सीबरोबर जाणारच होता. कुणी काही लिहिलं नाही. लिहिलं असतं तरी नव्या पोरांना ते वाचायला वेळ कुठून मिळणार होता, कोण जाणे.

शनिवारी पाऊस आला. बेसमेंटच्या रॅम्पच्या तळाशी आडवी जाळी आहे, तिच्याखालून पाणी संपमध्ये, म्हणजे साठवणीच्या खड्ड्यात, जातं आणि संपमधला पंप ते बाहेर फेकतो. कागदोपत्री सगळं ऑटोवर. प्रत्यक्षात पाणी चढलं की पंप चालू करणारा फ्लोट अडकायचा. आभाळ भरून आलं की काका आधी जाळीवरची पानं आणि पार्सलच्या पिशव्या काढायचे, मग पॅनेलवर पंप ऑटोवरून मॅन्युअलवर घ्यायचे. पाणी वाढायला लागलं तर लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करायचे, म्हणजे खड्ड्यात पाणी शिरलं तरी ती त्यात उतरत नाही. त्या दिवशी गेटवर होता विशीतला एक मुलगा. आदल्या रात्री रात्रपाळीचा माणूस आला नव्हता म्हणून त्याची डबल ड्युटी चालू होती. पॅनेल कुठे आहे हे त्याला माहीत नव्हतं. गेट सोडायचं नाही ही सूचना मात्र पक्की ठाऊक होती. ती आमच्याच कमिटीने दिलेली. त्याने मला फोन केले. सुट्टीचा दिवस म्हणून माझा फोन सायलेंटवर होता. मी खाली आले तेव्हा तो अर्ध्या रॅम्पवर पाण्यात उभा राहून हाताने जाळी चाचपत होता.

इथपर्यंतच्या चुका निष्काळजीपणाच्या. पुढची मी बसून, विचार करून केली. कंत्राटात दंडाचं कलम होतं. लिफ्टच्या दुरुस्तीच्या खर्चाचा काही भाग मी एजन्सीच्या बिलातून कापला आणि तसा मेल कमिटीला पाठवला. कमिटी खूश. एजन्सीने तक्रार केली नाही, याचं मला तेव्हा आश्चर्यसुद्धा वाटलं नाही. पुढच्या महिन्यात कळलं, ती रक्कम त्यांनी त्या मुलाच्या पगारातून हप्त्याने वळती करायला घेतली होती. नुकसानीपोटी कामगाराचा पगार कापायचा तर आधी त्याला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, हे 1936 च्या वेतन प्रदान कायद्यापासून लिहिलेलं आहे. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. तो काम सोडून गेला. कापलेली रक्कम मी एजन्सीला परत केली, ती त्या मुलाला दिल्याची पावती त्यांच्याकडे मागितली. पावती आली. तिच्यावरची सही त्याचीच आहे का, हे ताडून पाहायला माझ्याकडे काही नाही. हजेरीचं रजिस्टर एजन्सी घेऊन गेली होती.

त्यानंतर मी फाइल उघडून बसले. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी 2005 चा केंद्राचा कायदा आहे. एजन्सीला परवाना लागतो, गार्डला कामावर उभं करण्याआधी वर्गातलं 100 तास आणि मैदानातलं 60 तास प्रशिक्षण द्यायचं असतं, त्यात आग लागल्यावर काय करायचं हेही येतं. परवान्याची प्रत आमच्याकडे होती. प्रशिक्षणाचे दाखले मी मागितलेच नव्हते. आगीच्या बाबतीतही तसंच. 2006 च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचं, ते आमच्या फाइलमध्ये नीट लावलेलं. पण फायर पंपाच्या खोलीची किल्ली कुठे होती? सेक्रेटरींच्या घरी, शूज ठेवायच्या कपाटात. खोलीत मुलं शिरतात म्हणून ती तिथे नेऊन ठेवायची कल्पना माझीच.

आणखी एक गोष्ट लिहायला जड जाते. क्लबहाऊसचं टॉयलेट रात्री अस्वच्छ होतं अशा तक्रारी आल्या, म्हणून ते रात्री नऊला कुलूपबंद करायचा ठराव आम्ही केला. ठरावावर मीही सही केली. दुसऱ्या गेटवर संध्याकाळपासून एक ताई असायच्या. मी कधीतरी त्यांना चहा पाठवायचे, त्या घ्यायच्या नाहीत. मला वाटायचं, मानी आहेत. हाऊसकीपिंगच्या मावशींनी एकदा सरळच सांगितलं, “अहो, चहा प्यायल्यावर जायचं कुठं तिनं?” मी बाई असून हे मला सुचलं नव्हतं. आता कुलूप नाही, पण तक्रारी अजून येतात. येऊ देत.

काका मला दिवाळीच्या आधी माणच्या भाजीबाजारात भेटले. जवळच्याच एका टॉवरवर लागले होते, आठ तासांची ड्युटी. परत या म्हटलं तर हसले. “तिथं बसायला खुर्ची हाय, मॅडम.” बारा तासांवर परत या असं म्हणायला मलाच लाज वाटली. मग मी विचारलं, सुट्टीच्या दिवशी येऊन आम्हाला सगळं दाखवाल का? ते आले. नवे गार्ड, इलेक्ट्रिशियन आणि मी त्यांच्यामागे फिरलो. कुठला व्हॉल्व्ह उलटा फिरतो, कुठल्या टॉवरचा इंटरकॉम पावसात बंद पडतो, लाइट गेल्यावर जनरेटर पाच मिनिटांत आपोआप आला नाही तर काय बघायचं, सातव्या मजल्यावरच्या आजी एकट्या असतात आणि त्यांचा दूधवाला सकाळी परत गेला तर बेल वाजवून यायचं. मी वहीत लिहून घेत होते. आजींबद्दलच्या वाक्याला कुठल्या रकान्यात बसवायचं ते मला कळेना, म्हणून ते वेगळ्या पानावर लिहिलं. निघताना त्यांना दिवसाचे पैसे दिले. त्यांनी मोजून घेतले. का घेऊ नयेत?

ती वही आता टाइप करून, प्लॅस्टिकमध्ये घालून, पंपाच्या पॅनेलशेजारी टांगली आहे. व्हॉल्व्हवर रंगाने नंबर टाकले. किल्ल्या गेटच्या केबिनमध्ये आल्या. मुख्य गेटवर आठ तासांच्या तीन पाळ्या आणि रिलिव्हर, त्यासाठी मेंटेनन्स वाढवावा लागला आणि या वेळच्या सभेत टाळ्या सोडाच, दोन तास वाद झाला. मागच्या गेटवर अजून बारा तासच आहेत. ते बदलण्याइतकी मतं मला मिळाली नाहीत. आमचं काम सुधारलं असं म्हणायला मी तयार नाही, निम्मं सुधारलं.

तुम्ही कुठल्या सोसायटीच्या कमिटीवर असाल तर एवढं करा. एजन्सी पावसाळ्याच्या तोंडावर बदलू नका. बदलायचीच असेल तर जुन्या आणि नव्या माणसांना निदान आठवडाभर एकत्र ड्युटी द्या आणि त्या आठवड्याचा दोघांचाही पगार सोसायटीने भरा. कोटेशन हातात आलं की शेवटचा आकडा बघण्याआधी 168 ला पॉइंटवरच्या माणसांच्या संख्येने भागा. उत्तर 48 च्या वर आलं तर तो कागद परत पाठवा.