पठारावरची गिटार

महाराष्ट्रात आष्टी नावाची गावं बरीच. एक बीड जिल्ह्यात, एक वर्धा जिल्ह्यात. मी सांगतोय ती जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. मनमाड-सिकंदराबाद मार्गावरच्या परतूर स्टेशनवर उतरायचं आणि माजलगावच्या रस्त्याने जाणारी एस.टी. पकडायची. खिडकीतून पाहावं तर दोन्हीकडे काळी जमीन, कापूस, तूर, सोयाबीन. सगळं कसं सपाट! हे आपलं दख्खनचं पठार.

आष्टीत माझी भाची राहते. आठवीत आहे. कापूस विकल्यावर तिच्या बाबांनी तिला गिटार आणून दिली. पहिले तीन महिने पोरीने झपाट्याने प्रगती केली. मग गाडी अडली. रोज तासभर वाजवायची, पण एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना बोटं अडखळायची आणि गाणं तुटायचं. मी गेलो तेव्हा म्हणाली, "मामा, मला नाही जमत. विकून टाका. बाबांचे पैसे तरी परत येतील."

आम्हा शिक्षकांना डी.एड.ला एक धडा असतो, 'अध्ययनातील पठार'. अमेरिकेत ब्रायन आणि हार्टर या दोघांनी १८९७ साली तारायंत्र शिकणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. (आपल्याकडची तार २०१३ साली बंद झाली. तुमच्या आजोबांना विचारा!) 'कडकट्ट' ऐकून संदेश लिहून घेण्याचा वेग आधी वाढायचा. मग रोज सराव करूनही आठवडेच्या आठवडे तिथेच राहायचा आणि नंतर पुन्हा चढायचा. असं का? आधी कान एकेक अक्षर ऐकत होता. ती अक्षरं पक्की झाल्यावर सबंध शब्द ऐकू येऊ लागले. पहिलीतलं मूल 'क... म... ळ' असं वाचतं, पुढे 'कमळ' एका नजरेत वाचतं, तसंच हे.

भाचीचंही तेच होतं. सुट्ट्या कॉर्ड येत होत्या, त्या जोडणं राहिलं होतं. ती दरवेळी गाणं पहिल्यापासून वाजवायची आणि अडायचं त्याच जागी अडायची. मग आम्ही गाणं बाजूला ठेवलं. फक्त सांधा घ्यायचा. सी वरून ए मायनर. नीट पाहिलं तर यात पहिली दोन बोटं जागची हलतच नाहीत, फक्त अनामिका सरकते! घड्याळ लावून एका मिनिटात किती वेळा जमतं ते वहीत लिहायचं. अगदी सावकाश, पण चुकू द्यायचं नाही.

पहिला आठवडा आकडा जेमतेम हलला. ती रुसली, पण वही सोडली नाही. महिनाभराने ती भजनी मंडळात जाऊन बसली. पखवाज कुणासाठी थांबत नाही. एक कॉर्ड हुकली तर पुढची धरायची, हे तिला तिथे कळलं. गिटार विकायची गोष्ट आता निघत नाही. एफ कॉर्ड मात्र अजून अडवते!

जाता जाता एक गंमत. आपल्या पठाराच्या खडकाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. 'ट्रॅप' आला आहे 'जिना' या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले, म्हणून इथले डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात. तेव्हा तुमची पेटी, तबला किंवा पाढे कुठे अडले असतील, तर पायरी रुंद आहे एवढंच समजा. नेमका सांधा शोधा आणि आजच दहा मिनिटं तेवढाच घोटा.