शक्तिमानचा रंग

माझे मामा सैन्यात ट्रकचालक होते. निवृत्तीनंतर त्यांनी लष्कराने लिलावात काढलेला एक जुना शक्तिमान विकत घेतला. जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या परवान्याने हा ट्रक जबलपूरला १९९६ पर्यंत तयार होत असे. सरकारचा म्हणून आयुष्यभर चालवलेला ट्रक एकदा आपला व्हावा, ही त्यामागची ओढ.

पण मालकी पदरात पडली ती एकेक खूण पुसतच. लष्करी क्रमांकाच्या आरंभीचा, वर रोखलेला बाण गेला. तिथे ‘एमएच’ आले. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२१व्या नियमानुसार ऑलिव्ह हिरवा रंग संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कोणालाही लावता येत नाही. मामांनी तो स्वतःच्या हाताने खरवडला आणि पिवळा दिला.

मामी म्हणाल्या, “ज्याच्यासाठी घेतला तेच काढायचं, तर घेतला कशाला?”

“रंग सरकारचा होता,” मामा म्हणाले, “गिअर टाकायचा हात माझा आहे.”

संदर्भातून उचललेला शब्द तोच राहतो का, असा प्रश्न आपण वर्गात विचारतो आणि उत्तर चिन्हांत शोधतो. मामांचे उत्तर सवयीत होते. डिझेलचा खर्च न पेलल्याने चार वर्षांनी ट्रक भंगारात, वजनावर गेला. त्या चार वर्षांत दगड-वाळूच्या खेपा करताना मामांना रजेसाठी कोणाकडे अर्ज करावा लागला नव्हता. ‘माझा ट्रक’ याचा त्यांच्या लेखी अर्थ एवढाच होता. आणि तो मला पुरेसा वाटतो.