शंभर रुपयांचं पाकीट

तुमच्याकडून कधी चुकून कुणाचे जास्त पैसे घेतले गेलेत का? आणि लक्षात आल्यावरही तुम्ही गप्प बसलात का? मी बसले होते.

बाबांचं इंदूरला किराणा दुकान होतं. लहान मूल चिठ्ठी घेऊन आलं तरी काटा तसाच आणि भावही तोच. एकदा मी कारण विचारलं तर म्हणाले, "पोराला फसवलं तर उद्या त्याची आई दुसऱ्या दुकानात जाईल."

गेल्या वर्षी लेकीच्या बी.ए.च्या तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात मला हाच दुकानदार भेटला. इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने 1785 सालच्या ग्रंथात त्याचं उदाहरण दिलंय. अजाण गिऱ्हाइकालाही न फसवणारा दुकानदार. पण गिऱ्हाईक टिकावं म्हणून तो प्रामाणिक राहत असेल, तर कांट म्हणतो, वागणं बरोबर आहे, पण त्याला नैतिक मोल नाही. कर्तव्य आहे म्हणून केलं, तरच मोल. मला रागच आला. माझ्या बाबांना शून्य मार्क!

मग ती संध्याकाळ आठवली. 1994 साल, मी अकरावीत. शेजारच्या बांधकामावरचा एक मजूर गावी परत निघाला होता, उधारी चुकती करायला आला. बाबा बाहेर गेले होते. वहीतली बेरीज मी केली, त्याने पैसे मोजले आणि तो गेला. पाचेक मिनिटांत कळलं, हातचा दोनदा धरलाय, शंभर रुपये जास्त घेतलेत. तो कोपऱ्यावर दिसतही होता. हाक मारली नाही. वाटलं, आता कुठे परत येणार आहे तो!

रात्री वही तपासताना बाबांना चूक सापडली. "तुला कळलं होतं का?" मी म्हटलं, "नाही." ते काही बोलले नाहीत. सायकल काढली आणि सरवटे बसस्टँडला गेले. बस निघून गेली होती. परत येऊन त्यांनी शंभराची नोट पाकिटात घातली, वर त्याचं नाव लिहिलं आणि पाकीट गल्ल्यात ठेवलं.

आता सांगा, यात कुठलं गिऱ्हाईक टिकणार होतं? बघणारंही कुणी नव्हतं. काम तर फसलंच. पण कांटच्या हिशेबात फसण्याने काही कमी होत नाही, कारण तो परिणाम मोजतच नाही.

तुम्हाला गीतेतलं निष्काम कर्म आठवलं असेल, मलाही आठवलं. पण फळाची आशा सोडली तरी योग्य काम कोणतं, हे ओळखायचं कसं? कांटची कसोटी अशी की, आपण ज्या नियमाने वागतोय तो सगळ्यांनीच पाळला तर चालेल का, ते बघा. माझा नियम होता, 'परत न येणाऱ्याला चूक सांगू नये.' सगळ्यांनी तो धरला तर उधारीच्या वहीवर कोण विश्वास ठेवेल?

कांटचं सगळं मला पटत नाही. 1797 च्या एका लेखात तो म्हणतो की, खुनी दारात येऊन आपल्या मित्राचा पत्ता विचारू लागला, तरी खोटं बोलू नये. मी तर बेधडक बोलेन. तुम्हीही बोलाल. लेकीशी यावरून तासभर वाद झाला. शेवटी ती म्हणाली, "आई, तू आजोबांशी खोटं बोललीस तेव्हा दारात कुठला खुनी होता?"

मला उत्तर देता आलं नाही.

बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, गल्ल्याची लाकडी पेटी घरी माळ्यावर आहे आणि पाकीट अजून तिच्यात आहे. दिवाळीला इंदूरला जाणार आहे. तिकीट काढलंय. काय बोलायचं ते मनात तीन-चार वेळा घोळवून झालंय, पण पहिलं वाक्य अजून जमत नाही.