कैरीच्या शिंपीसाठी पूर्णेकाठी

वैशाख लागला की बाजारात कैऱ्यांचे ढीग दिसू लागतात आणि घरोघरी आपली एकच धांदल उडते. लोणच्याला साल चालते हो. पण गुळांबा, साखरांबा करायचा, आंबोशी वाळवायची, तर कैरी सोलावीच लागते. तुम्ही कशाने सोलता? कुणी म्हणेल सोलाणं, कुणी विळी, कुणी सुरी. आमच्या खामगावच्या घरी मात्र कैरी शिंपीने सोलत. नाही नाही, कपडे शिवणारा शिंपी नव्हे! नदीतली शिंपी. हातभर बांगड्या घातलेल्या आमच्या सासूबाई तळहातावर शिंपल्याचं एक शकल घेऊन बसायच्या आणि बघता बघता पाटीभर कैऱ्या सोलून व्हायच्या.

करायचं काय, तर नदीतल्या मोठ्या शिंपल्याचं एक शकल घ्यायचं, त्याची फुगीर पाठ दगडावर घासायची. घासून घासून भोक पडलं, की त्या भोकाची कड अशी धारदार होते, की कैरीवरून ओढताच पातळ साल आतून बाहेर पडते. शिवाय गंजण्याचा प्रश्नच नाही.

ही शिंपी गेल्या वर्षी माझ्या हातून फुटली. भांडी विसळताना निसटली आणि मोरीच्या दगडावर पडून तिचे दोन तुकडे झाले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण त्या वर्षी कैऱ्या सोलायला त्या बसल्याच नाहीत. नजर अधू झालेली, हात थोडा थरथरतो. स्टीलच्या सोलाण्याने बोट कापून घेतलं, आणि मग ‘तूच कर’ म्हणून बाजूला झाल्या. घरात त्यांच्या हातचं म्हणून उरलेलं ते शेवटचं काम होतं. मी ते त्यांच्याकडून काढून घेतलं, अशी टोचणी मला वर्षभर लागून राहिली.

म्हणून यंदा ठरवलं, तशीच शिंपी शोधून आणायची. आमच्या गल्लीत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई राहतात. त्यांना फुटका तुकडा दाखवला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, “बिजागरीकडचा भाग शाबूत आहे ना, मग ओळख पटेल. चला, पूर्णेवर जाऊ. तुकडा बरोबर घ्या.”

सकाळच्या एस.टी.ने निघालो. खामगाव ते नांदुरा वीस-बावीस किलोमीटर. दोन्ही बाजूंना पऱ्हाट्या उपटून मोकळी झालेली काळी रानं, भेगाळलेली, आणि वर पांढरं आभाळ. नांदुऱ्याचा १०५ फुटी हनुमान लांबूनच दिसू लागला. बुलढाण्याच्या डोंगरातून येणारी ज्ञानगंगा नांदुऱ्यावरूनच पुढे पूर्णेला जाते. तिथे उतरून आधी पात्रात डोकावलो. पण वैशाखातली ज्ञानगंगा ती, वाळू, गोटे आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या. तिथून जळगाव-जामोदच्या रस्त्याला लागलो आणि येरळीच्या पुलाशी उतरलो. खाली पूर्णा.

मैत्रिणींनो, पूर्णा आपण नेहमी पुलावरून बघतो आणि हात जोडून पुढे जातो. एकदा खाली उतरून बघा. मध्य प्रदेशात बैतुल जिल्ह्यात उगम पावून ती वऱ्हाडभर हिंडते आणि जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीला मिळते. तिच्या दोन्ही काठांना खारपाणपट्टा. विहिरीला पाणी लागतं, पण तोंडात धरवत नाही. उन्हाळ्यात धार बारीक होते, आणि ठिकठिकाणी डोह तेवढे राहतात. त्या डोहांच्या काठची ओली रेती म्हणजे शिंपल्यांचं माहेर.

अर्ध्या तासात माझ्या पिशवीत एकतीस शकलं जमली. मला वाटलं, झालं काम! बाईंनी मात्र पदर खोचून सगळी एका फडक्यावर मांडली आणि मला ओळखायला बसवलं. तेच इथे सांगते, म्हणजे तुम्हालाही नदीकाठी उपयोगी पडेल.

आधी शकल कसं धरायचं ते. शिंपल्याला एका बाजूला फुगीर उंचवटा असतो, त्याला आपण शेंडा म्हणू. शिंपला वाढायला सुरुवात होते ती इथून. शेंडा वर धरा. तो सहसा मधोमध नसतो, एका टोकाकडे सरकलेला असतो. ते त्याचं तोंडाकडचं टोक. हे टोक आपल्यापासून दूर करून धरलं, की डावं शकल डावीकडे, उजवं उजवीकडे. शेंड्यामागे तपकिरी चिवट पट्टी दिसली तर ती बिजागरी. दोन्ही शकलं तिने जोडलेली मिळाली, तर जीव जाऊन फार दिवस झालेले नाहीत असं समजा. नुसतं पांढरंफटक, झिजलेलं शकल वर्षानुवर्षं रेतीत पडलेलं असू शकतं.

आता आतून बघा. शेंड्याखाली कड्यावर दात असतात. खरे दात नव्हेत. दोन शकलं सरकू नयेत म्हणून एकमेकांत बसणाऱ्या खाचा आणि कंगोरे. आपल्या पोलक्याच्या टिचबटणासारखंच. ओळख पटते ती मुख्यतः या दातांवरून.

लांबट, हाताच्या तळव्यात मावेल एवढा, काळपट-तपकिरी सालीचा, पाठीवर गुळगुळीत, आतून निळसर पांढरी झाक आणि दात लांब, अरुंद, पट्टीसारखे, तर तो लॅमेलिडेन्स. नावाचा अर्थच ‘पट्टीदात्या’. त्यातल्या एका जातीच्या कडेला फिकट किनार असते, म्हणून १८१९ साली लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिला ‘मार्जिनॅलिस’, म्हणजे काठवाली, असं नाव दिलं. साडीला काठ असतो तसा! दुसरी तिची जाऊ, कोरिआनस. ती अधिक अरुंद, वरची-खालची कड जवळजवळ समांतर. या दोघी ओळखताना जाणकारही घोटाळतात, तेव्हा आपण वाईट वाटून घेऊ नये.

आखूड, गोलसर, हाताला जड, शेंड्यावर वेड्यावाकड्या सुरकुत्या, दात जाड आणि खडबडीत, तर तो पॅरेसिया. यातल्या एका जातीचं नाव ‘कोरुगाटा’, म्हणजे सुरकुतलेली. म्युलर नावाच्या डॅनिश पंडिताने १७७४ मध्येच तिची नोंद केली होती. पाठ जाड असल्यामुळे ही घासून भोक पाडायचं म्हणजे दुपार जायची.

आणि तिसरी कॉर्बिक्युला. नखाएवढी ते पैशाएवढी, तिकोनी, पाठीवर एकाखाली एक उठावदार रेघा, आतून पुष्कळदा जांभळट.

मी आमचा फुटका तुकडा काढला. बिजागरीकडे लांब, अरुंद पट्टी स्पष्ट दिसत होती. सासूबाईंची शिंपी लॅमेलिडेन्सची! माझ्या एकतीसमध्ये तशी मोठी, सुरेख अकरा होती. मी आनंदाने म्हटलं, “बाई, मोठ्या आहेत, आणि या लहान लहानही कितीतरी आहेत. म्हणजे नदी भरलेली आहे!”

त्यांनी मान हलवली. “या लहान म्हणजे मोठ्यांची पिल्लं नव्हेत हो. ही कॉर्बिक्युला, ही पॅरेसिया. आपापल्या जातीत या पुरत्या वाढलेल्या आहेत. लॅमेलिडेन्सचं पिल्लू आईसारखंच दिसतं. लांबट, पट्टीदात्याचं. ते एक तरी दाखवा मला.”

मी फडकं दोनदा चाळलं. एकही नव्हतं.

तिथेच डोहाच्या काठी भोयांच्या घरातली एक म्हातारी जाळं उलगडत बसली होती. तिने विचारलं, “काय पायता वो बाई? शिंप्या? आमी लहानपणी पायानं चाचपून टोपलीभर काढत होतो. आता मोठाल्या भेटतीन एखाद-दुसऱ्या, बारक्या नाई भेटत.”

असं का, ते बाईंनी सांगितलं, आणि खरं सांगू, मी थक्कच झाले. या मोठ्या शिंपल्यांची पिल्लं जन्मल्याबरोबर स्वतःच्या जिवावर राहू शकत नाहीत. डोळ्यांना जेमतेम दिसतील न दिसतील एवढी ती असतात. आई ती पाण्यात सोडते आणि ती माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटतात. काही दिवस, काही आठवडे माशाच्या अंगावर राहून त्यांचं रूप पालटतं, मग ती सुटून रेतीत पडतात आणि तिथे आपला संसार मांडतात. मासा हिंडेल तिथे शिंपले पसरतात. मासा नाही, तर पुढची पिढी नाही. मोठे शिंपले वर्षानुवर्षं जगतात, त्यामुळे नदीत शिंपले आहेत असं आपल्याला वाटत राहतं, आणि घरात पाळणा हललेलाच नसतो. कॉर्बिक्युलाला माशाची गरज नाही, म्हणून ती तेवढी टिकते.

डोह आटतात, रेती उपसली जाते, बांधांनी माशांची वाट अडते. आणि शिंपले गेले म्हणजे नुकसान त्यांचं एकट्याचं नाही. एका शिंपल्यातून दिवसाला कित्येक लिटर पाणी गाळून निघतं. गढूळपणा, शेवाळ तो पोटात घेतो. आपण हंड्यावर फडकं बांधतो, तसं नदीच्या तळाशी बांधलेलं हे फडकं आहे.

हे सगळं आपल्याकडेच घडतं असंही नाही. तुमच्या आईच्या किंवा आजीच्या शिवणाच्या डब्यात चमकदार शिंपल्याची बटणं असतील. अमेरिकेत मिसिसिपी नदीकाठी मस्कटीन नावाचं गाव आहे. १८९१ मध्ये बेपल या जर्मन कारागिराने तिथे नदीच्या शिंपल्यांपासून बटणं करायला सुरुवात केली. १९०५ साली त्या एका गावात सुमारे दीड अब्ज बटणं तयार झाली! नदीतून शिंपले इतके ओरबाडले, की पुढे सरकारला जवळच फेअरपोर्ट येथे केंद्र काढून माशांच्या अंगावर पिल्लं चिकटवून ती नदीत सोडण्याचा खटाटोप करावा लागला. तोवर उशीर झाला होता. मग प्लॅस्टिकची बटणं आली आणि धंदाही बसला.

आपल्या विदर्भाचं तर शिंपल्यांशी फार जुनं नातं. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते स्टीफन हिस्लॉप मिशनरी होते, पण दगड-मातीचे मोठे अभ्यासक. नागपूरजवळ काळ्या खडकांच्या थरांमध्ये गाडले गेलेले गोड्या पाण्यातले शिंपले त्यांनी शोधले आणि १८६० मध्ये त्यांची वर्णनं छापली. १८६३ साली पुराच्या पाण्यातून ओढा ओलांडताना ते बुडाले. ते खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्ह्यांमधल्या तळ्यांतही आपल्याकडे शिंपले नांदत होते. त्यांच्या वंशजांनी आपल्या डोळ्यांदेखत नाहीसं व्हावं, हे काही बरं नाही.

उन्हं कलायला लागली. निघण्यापूर्वी मी डोहाच्या कडेला ओल्या रेतीत बोटांनी चाचपत बसले. रेतीत एक बारीक ओढल्यासारखी रेघ होती, तिच्या टोकाशी काहीतरी लागलं. अंगठ्याच्या पेराएवढं, लांबट, हिरवट-तपकिरी, घट्ट मिटलेलं. बाईंनी तळहातावर घेतलं, चष्मा वर केला आणि हसल्या. “हेच ते. आईवर गेलंय.” आम्ही त्याला परत पाण्याखालच्या रेतीत ठेवलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग फट उघडली, पांढुरकी जीभ बाहेर आली आणि ते हळूहळू रेतीत शिरलं.

तुम्ही कधी शिंपले आणलेत तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. उघडी, रिकामी शकलंच घ्या. मिटलेला शिंपला जिवंत असतो, तो जिथला तिथे ठेवा. नदीचा शिंपला कुणी खायला दिला तरी जपून. पाणी गाळताना तो पाण्यातली घाणही साठवतो. घरी आणल्यावर उकळू नका. साध्या पाण्यात रात्रभर भिजवा, जुन्या दात घासायच्या ब्रशने घासा, सावलीत वाळवा आणि वरच्या सालीला खोबरेल तेलाचं बोट लावा, म्हणजे साल तडकून सुटत नाही. कैरीसाठी करायची असेल, तर भोक पाडताना शिंपला आणि दगड दोन्ही पाण्याने ओले ठेवा. कोरडी भुकटी नाकात जाता कामा नये.

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. मी सर्वांत चांगलं शकल सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते डोळ्यांशी नेलं नाही, अंगठा आतून बिजागरीवर फिरवला, कड चाचपली आणि म्हणाल्या, “हेच.” मग थोड्या वेळाने विचारलं, “बारक्या होत्या का व?”

मी म्हटलं, “एक होती, आई. परत सोडली.”

“बरं केलं,” त्या म्हणाल्या, आणि उठून पाटा कुठे ठेवलाय ते विचारू लागल्या. दुसऱ्या दिवशी दुपारभर मागच्या अंगणात घासण्याचा आवाज येत होता. यंदाचा गुळांबा त्यांच्या हातच्या कैऱ्यांचा आहे. नेहमीसारखी साल थोडी जाड निघते, कैऱ्यांना दुपटीने वेळ लागतो, आणि मी मध्ये बोलत नाही.