जट कापणाऱ्याच्या डोक्यावर ड्रेडलॉक्स

"बायकांच्या जटा कापायला जाता आणि स्वतःच्या डोक्यावर जटाच वाढवता, हे कसं?" गेल्या चार महिन्यांत हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की आता एकदाच लिहून उत्तर देतो. विचारणाऱ्यांत विरोधक आहेत तसे आपलेही आहेत. एका शिबिरात ज्येष्ठ कार्यकर्त्याने भर चर्चेत 'फॅशन' म्हणून निकालच लावून टाकला. टोमणा सोडून देऊ. प्रश्न मात्र रास्त आहे.

आधी जट म्हणजे काय ते बघू. केस विंचरले नाहीत, धुतले नाहीत, त्यात मळ, तेल, घाम साचला की ते एकमेकांत गुंततात आणि त्यांचा घट्ट गोळा होतो. यात देवीचा काही संबंध नाही. पण आपल्या वस्त्यांत गुंता दिसला की 'यल्लम्मा आली' म्हणतात, त्यात भंडारा भरतात आणि त्या दिवसापासून बाईच्या केसांवरचा तिचा हक्क संपतो. कंगवा लावायचा नाही, कापायची नाही. कापली तर घरात कुणीतरी मरेल ही भीती. मान दुखते, उवा होतात, वास येतो म्हणून लोक दूर बसतात. कित्येक पोरींना याच जटेच्या निमित्ताने सौंदत्तीला नेऊन देवीला सोडलं गेलं. देवीला सोडलेल्या पोरी कोणत्या जातींतल्या होत्या, हे वेगळं सांगायला नको. १९३६ साली मुंबईत बाबासाहेबांनी देवदासी, जोगतिणी, वाघ्या-मुरळी यांच्यापुढे उभं राहून हे जिणं सोडा असं स्पष्ट सांगितलं होतं. नव्वद वर्षं होत आली, तरी आम्हाला अजून कात्री घेऊन फिरावं लागतं.

ड्रेडलॉक्सचा इतिहास दुसऱ्या टोकाचा आहे. १९३० च्या दशकात जमैकातल्या गरीब काळ्या माणसांतून रास्ताफारी चळवळ उभी राहिली. गोऱ्या मालकाला जे केस रानटी वाटायचे, तेच त्यांनी मुद्दाम वाढवले. त्याची किंमतही मोजली. १९६३ मध्ये कोरल गार्डन्सच्या घटनेनंतर पोलिसांनी रास्तांना धरून मारलं, त्यांचे केस जबरदस्तीने कापले. सरकारने माफी मागितली ती २०१७ मध्ये. अमेरिकेत तर अशा केसांवरून नोकरीत भेदभाव करायचा नाही, असा राज्याचा पहिला कायदा कॅलिफोर्नियाने केला तो २०१९ साली.

रास्तांसाठी हे केस व्रत आहेत. माझ्यासाठी नाहीत. उरुवेलाच्या जटिल कश्यपाने संघात येताना जटा कापून नदीत सोडल्या, त्या परंपरेचा मी माणूस. मी हे केस ठेवले ते पँथरच्या नावापासून चालत आलेल्या नात्यापोटी, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतात म्हणून. दलित पोराने नीट भांग पाडून, नजर खाली घालून वावरावं ही अपेक्षा अजून गेलेली नाही.

आता निगा कशी राखायची ते. माझे लॉक्स पाहून तिघा-चौघा पोरांनी विचारलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपले बहुतेकांचे केस सरळ, ते आपोआप गुंतत नाहीत. टाळूवर इंचभराचे चौकोन पाडायचे, प्रत्येक बट बारीक फणीने मुळाकडे उलटी विंचरायची आणि क्रोशाच्या बारीक सुईने आत ओवायची. पहिला आठवडा गाठी बसू द्यायच्या, पाणी लावलं नाही तरी चालतं. मग आठवड्यातून एकदा धुवायचेच. साधा शाम्पू पाण्यात पातळ करून टाळूला लावायचा, बोटांच्या टोकांनी हलकेच चोळायचा आणि भरपूर पाण्याने काढायचा. कंडिशनर नको, मेण तर अजिबात नको. ते आत अडकतं आणि वर्षानुवर्षं निघत नाही. आई वाटीभर खोबरेल घेऊन मागे लागेल. तिला समजवा, तेलाने नव्या गाठी सुटतात आणि धूळ धरते. टाळू कोरडी पडली तर दोन थेंब पुरे.

सगळ्यात महत्त्वाचं वाळवणं. सुती कापडात दाबून पाणी काढायचं, मग उन्हात नाहीतर पंख्याखाली पूर्ण वाळेपर्यंत बसायचं. ओल्या केसांनी झोपलात की आत ओल राहते, कोंदट वास येतो, बुरशीही धरते. पावसाळ्यात सकाळी धुवा. रात्री डोक्याला गुळगुळीत कापड बांधा, नाहीतर गोधडीचा कापूस गाठीत जातो. मुळाशी सारखं पिळत बसू नका, कपाळावरचे केस गळतील. पक्के व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं.

याच ठिकाणी एक धोका आहे. 'नवे लॉक्स तीन महिने धुवायचेच नाहीत' असं छातीठोक सांगणारे शहरात भेटतात. त्यांना कारण विचारा, देता येत नाही. जोगतिणीच्या घरात हेच ऐकलं होतं, इथे फक्त भंडारा नाही. धुतलेले केस उलट लवकर घट्ट होतात, कारण तेलकट केस घसरतात.

माझं उत्तर इतकंच: मी माझे केस धुतो, सुकवतो आणि उद्या वाटलं तर कापतो, कुणाला न विचारता.

पण सांगली जिल्ह्यातल्या एका वस्तीवर मावशींनी हेच उत्तर माझ्यावर उलटवलं. साठीच्या असतील, जट कमरेपर्यंत. म्हणाल्या, "दादा, तुझं तुझ्या मर्जीनं, मग माझं तुझ्या मर्जीनं का? कापायची नाही मला. पण ती धुतलेली चालते का, ते सांग." आम्ही कात्री बाजूला ठेवली. त्यांच्या सुनेने कोमट पाणी केलं. चौथ्या बादलीपर्यंत पाणी पिवळं येत होतं. वाळायला दुपार झाली. मावशी मान हलवून बघत होत्या, पण कापायला तयार झाल्या नाहीत.

सोबतचे म्हणतात ही तडजोड झाली, अंधश्रद्धेला साबण लावला. मला ते पटत नाही. जबरदस्तीने केस कापणारे कोण होते ते वर लिहिलंच आहे. वाद अजून मिटलेला नाही. पुढच्या बैठकीत हा विषय घेतलाय, ज्यांना बोलायचं आहे त्यांनी या. त्याआधी मावशींकडे मात्र जायचंय, दर आठवड्याला धुणं त्यांना एकटीने जमत नाही.