विश्रामबागेत घटकाभर

मी सूतगिरणीतला डॉफर. भरल्या बॉबिनी उतरायच्या, रिकाम्या चढवायच्या. आठ तास बूड टेकायचं नाही. शाळा नववीत सुटली. पुढचं शिक्षण पाळी सुटल्यावर, रद्दीतल्या पुस्तकांवर.

११ एप्रिलला आम्ही पोरं पुण्याला गेलो. गंज पेठेत जोतिबांचा वाडा पाह्यला आणि तिथून चालत सदाशिव पेठेत विश्रामबागवाड्यावर आलो. नावातच विश्राम, म्हणून शिरलो म्हणा!

दुसऱ्या बाजीरावानं १८०७ च्या सुमाराला राहायला बांधलेला हा वाडा. तीन चौक. खर्च दोन लाख, असं सांगतात. सागवानी खांब सुरूच्या झाडासारखे, वर निमुळते होत गेलेले. रस्त्याकडच्या कोरीव सज्जाकडं बघून मान दुखली. दोस्तहो, खोटं कशाला बोलू? काम देखणंय. पण वाडा बाजीरावाचा म्हणायचा. ज्या सुतारानं रात्रंदिस पटाशी चालवली त्याचं नाव कुणाला ठावं? आमच्या सुतावर तरी कुठं आमचं नाव असतंय!

१८१८ ला पेशवाई बुडाली. १८२१ ला इंग्रजानं याच वाड्यात संस्कृत पाठशाळा काढली, दक्षिणेच्या पैशावर, ब्राह्मणांच्या पोरांसाठी. राज्य बदललं, उंबरा तोच. १८७९ च्या आगीत वाड्याचा भाग जळाला. तो पुन्हा उभा केला. पुढं वाडा महापालिकेकडं आला, शहराच्या इतिहासाचं प्रदर्शनही तिथं मांडलं गेलं.

चौकात घटकाभर टेकलो आणि मुक्ता साळवे आठवली. मांगाची पोर, चौदा वर्षांची. जोतिबा-सावित्रीच्या शाळेत शिकली. १८५५ ला ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखावर तिचा निबंध छापून आला. बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यापुढून गेलेल्या मांग-महाराच्या मुंडक्याचा चेंडू करून खेळत, हे तिनं लिहून ठेवलं. पेशवाईचा हाही इतिहासच की!

इथून चालत थोड्या अंतरावर, बुधवार पेठेत, भिडेवाडा होता. १८४८ ला तिथं मुलींची शाळा भरली. त्याला कुणी सागवानासारखं जपलं नाही. खचत खचत गेला. डिसेंबर २०२३ ला पाडला, स्मारकासाठी. स्मारक होईल, व्हायलाच पायजे. पण ज्या भिंतींनी पोरींची पहिली बाराखडी ऐकली त्या आता कुठून आणायच्या?

बाजीरावाचं लाकूड राह्यलं. मुक्ताचा कागदही राह्यला. तेवढंच आपलं म्युझियम.

परत आलो. रात्रपाळीच्या सुट्टीत पोरांना तो निबंध वाचून दाखवला. भाकरी तशीच हातात धरून म्हातारा फिटर म्हणाला, “पोरा, मुंडक्याचं परत वाच.”

वाचलं. मग भोंगा झाला.